जुन्या वाड्यात नवा दिवा टिकत नाही? आधी त्याच्या मागची तार बघा

अंबाजोगाईच्या जुन्या गावठाणात एका वाड्याच्या ढाळजेतला, म्हणजे दाराजवळच्या बैठकीतला, दिवा बदलायला मला बोलावलं होतं. काकू दारातच म्हणाल्या, "अरे, हा चौथा दिवा. दुकानदार बदलून देतो, दोन महिने चालतो, की गेला. आता तो पण म्हणतो, काकू, दुसऱ्या कंपनीचा घ्या." त्यांनी कंपनी बदलून पाहिली होती, वॅट बदलून पाहिले होते, होल्डर बदलून पाहिला होता. तार मात्र कुणीच पाहिली नव्हती.

मी वायरमन आहे. मराठवाड्यातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, आणि पत्र्याच्या घरांत ही तक्रार मला सारखी ऐकू येते. नवी एलईडी पट्टी लावली की मिणमिणते, लपलपते, बंद केली तरी रात्रभर मंद जळत राहते, नाहीतर काही दिवसांत मरते. दहातल्या सात-आठ ठिकाणी दिव्यात काहीच दोष नसतो. जुना पिवळा बल्ब म्हणजे फक्त एक तापणारी तार. तो कमी-जास्त वॉल्टेज खपवून घ्यायचा, लूज जॉइंट खपवून घ्यायचा, उलटसुलट फेज-न्यूट्रलही (फेज म्हणजे करंट आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी) खपवून घ्यायचा. एलईडीच्या आत इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज करून देणारं सर्किट असतं, त्याला यातलं काही चालत नाही. वायरिंगचा दोष घरात तीस-चाळीस वर्षं होताच, नव्या दिव्यामुळे तो दिसायला लागतो.

मेन बंद केलं म्हणजे करंट गेला, असं धरू नका

काकूंच्या वाड्याचं पुढे सांगतो, पण त्याआधी हे वाचाच. जुन्या घरात माणसं दगावतात ती इथेच.

जुन्या मेन बोर्डावर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज असतात, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. घाईत एकच काढला आणि नेमका न्यूट्रलचा निघाला, तर घरातली सगळी लाईट जाते आणि आपल्याला वाटतं काम झालं. तारांत मात्र फेज तसाच उभा असतो, उलट चालू राहिलेल्या दिव्या-पंख्यांतून तो न्यूट्रलच्या तारेवरही येतो. म्हणून दोन्ही किटकॅट काढायचे, आधी फेजचा, मग न्यूट्रलचा, आणि काढलेले खिशात ठेवायचे. बोर्डावर ठेवलात तर घरातलं कुणीतरी "लाईट का गेली" म्हणून बसवून टाकतं. लोखंडी पेटीचं मेन स्विच असेल तर दांडी खाली ओढून पेटीत आतून दोन्ही पाती खरंच सुटली का ते बघा. जुन्या पेटीत एखादं पातं चिकटून राहतं.

भारनियमनाच्या काळात आपल्याकडं घरोघरी इन्व्हर्टर आले. मेन बंद केलं की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो तुम्ही हात घातलेल्या त्याच तारेत २३० वॉल्ट सोडतो. त्यामुळे इन्व्हर्टरचं बटण बंद करून त्याची आउटपुटची पिनही काढा.

टेस्टरवर सगळी भिस्त ठेवू नका. कोरड्या लाकडी स्टुलावर, पायात रबरी चप्पल घालून टेस्टर लावला तर तो नीट लागत नाही, आणि दुपारच्या उजेडात मंद लागलेला दिसतही नाही. वायरमन टेस्ट लॅम्प वापरतात, म्हणजे होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन तारा. आधी चालू लाईनवर लावून तो लागतो हे बघायचं, मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल आणि दोन्ही तारा अर्थिंगशी लावून तपासायचं, मग परत चालू लाईनवर लावून बघायचं. तिन्ही वेळा हवं ते उत्तर आलं तरच तारेला हात.

आणि हेही मनापासून सांगतो. बल्ब बदलणं, धूळ पुसणं, बटण दाबून लक्षणं टिपून ठेवणं हे घरच्यांनी जरूर करावं. होल्डर उघडणं, तार कापणं, मेनवर हात घालणं हे परवानाधारक वायरमनचं काम आहे. पुढं जे लिहितोय ते वायरमन समोर असताना त्याच्याकडून काय तपासून घ्यायचं, हे तुम्हाला कळावं म्हणून.

दिवा बंद केला तरी मंद जळतो

पहिली गोष्ट सोपी आहे. बटणावर रात्री दिसणारा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा थोडासा करंट एलईडीला पुरतो. साधं बटण लावा, प्रश्न संपला.

इंडिकेटर नसेल तर बहुतेक वेळा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसलेलं असतं. बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत फेज पोचलेला असतो, आणि ओलसर भिंतीतून किंवा वायरिंगच्या लाकडी पट्टीवर शेजारी-शेजारी चाललेल्या तारांमुळे जरासा करंट दिव्यातून वाहत राहतो. पिवळ्या बल्बला तो जाणवायचा नाही. पण "बटण बंद होतं तरी बल्ब काढताना झटका बसला" असं तुमच्या घरात कुणी पूर्वी म्हणालं असेल, तर त्याचं कारण हेच.

सगळ्या घरातली बटणं अशीच उलटी निघाली तर दोष मेनवर आहे. कधीतरी मीटर ढाळजेतून बाहेरच्या भिंतीवर गेलं, मेन बदललं, आणि दोन तारा अदलाबदल झाल्या. मेनमधून घरात जाणाऱ्या दोन तारा तिथे सरळ केल्या की अख्खं घर सरळ होतं. एकाच खोलीत तसं असेल तर त्या खोलीचा बोर्ड उघडायचा. जुन्या घरात सगळ्या तारा काळ्याच असतात, नाहीतर सगळ्या लाल, त्यामुळे रंगावरून काही ठरवू नका. तपासून झाल्यावर फेजच्या टोकाला लाल टेप आणि न्यूट्रलला काळी टेप गुंडाळून ठेवा. पुढच्या माणसावर उपकार होतील.

लपलपणं, आणि गोल ब्लॉकच्या मागची वीतभर तार

वारा सुटला की दिवा लपलपतो, मिक्सर लावला की लपलपतो, पंख्याचं बटण दाबलं की क्षणभर जातो. ही लूज कॉन्टॅक्टची लक्षणं. आधी कान लावा: बोर्डातून बारीक चरचर येते का? मग नाक: जळक्या बेकेलाइटचा उग्र वास येतो का? एवढ्यानं निम्मा शोध लागतो.

हे जुनं वायरिंग झालं त्या काळात तांबं महाग पडायचं, म्हणून कितीतरी घरांत अ‍ॅल्युमिनियमची तार ओढली आहे. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर पातळ थर धरतो आणि त्या थरातून करंट जात नाही. शिवाय स्क्रूखाली दाबलेलं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू दबत, सरकत जातं. आज घट्ट केलेला स्क्रू चार उन्हाळ्यांत सैल होतो. सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. नव्या दिव्याची तांब्याची तार या अ‍ॅल्युमिनियमला नुसती पिळून वर टेप मारली, तर पावसाळ्याच्या दमटपणात तो जॉइंट पांढरा पडून खाऊन जातो. हे काम मी रोज बघतो, आणि रोज वाईट वाटतं, कारण दोन मिनिटांचा फरक असतो. टोक मागं कापून चकचकीत धातू काढायचा, टोक दुमडून दुहेरी करायचं, आणि पितळी स्क्रूच्या कनेक्टरमध्ये एका बाजूनं अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूनं तांबं घालायचं. आतमध्ये दोन्ही टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत. दोन-तीन महिन्यांनी मेन बंद करून तो स्क्रू एकदा परत आवळायचा.

आता छताला ज्यावर होल्डर बसतो त्या गोल लाकडी ब्लॉकबद्दल. काकूंच्या ढाळजेतला ब्लॉक मी उतरवला तेव्हा वरून आधी मूठभर पांढरी माती पडली. माळवदाची माती फळ्यांच्या फटीतून वर्षानुवर्षं गळून ब्लॉकच्या पोटात साठली होती. मातीत दोन तारा: रबराच्या, वर सुती वेष्टणाच्या. पट्टीवर जिथे तार क्लिपांखाली होती तिथे रबर अजून मऊ होतं. ब्लॉकच्या आतली शेवटची वीतभर तार मात्र मी बोटानं नुसती वाकवली आणि रबर वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखं तडकून खाली पडलं. आत उघडी तार, एकमेकींपासून दोन सुतांच्या अंतरावर.

यात नवल नाही. त्या होल्डरला चाळीस वर्षं शंभराचा बल्ब होता. बल्बची उष्णता वर चढते आणि थेट ब्लॉकमध्ये जाते. त्यात आपला उन्हाळा, बेचाळीस अंशांच्या वर जाणारा. संपूर्ण घराच्या वायरिंगमध्ये सगळ्यात आधी मरते ती दिव्यामागची वीतभर तार, आणि नवा दिवा जोडला जातो तो नेमका तिथेच. त्यामुळे जुना दिवा काढला की तार वाकवू नका, ओढू नका, आधी बॅटरीच्या उजेडात बघा. रबर तडकलेलं असेल तर ते टोक चांगल्या भागापर्यंत कापून टाका. तार अपुरी पडली तर पट्टीवरच, ब्लॉकच्या अलीकडे, छोटा जॉइंट बॉक्स बसवून नवी तांब्याची तुकडातार दिव्यापर्यंत न्या. टेप गुंडाळून तडकलेलं रबर परत मऊ होत नाही. पट्टीवरची तारही हाताला कडक लागत असेल, तर त्या खोलीचं वायरिंगच बदलायचं. त्या तारेवर नव्या दिव्याचा खर्च करू नका.

भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात कितीतरी लोकांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जड मातीची छतं आणि दगड-मातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या होत्या, त्यामुळे तो निर्णय बरोबरच होता. पण अनेक घरांत छत नवं झालं आणि वायरिंग जुनंच राहिलं. पट्टी काढून त्याच तारा पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला बांधल्या गेल्या. तडकलेली तार पाइपाला लागली की सगळा पत्रा फेजवर येतो, आणि त्याच पाइपाला बांधलेल्या तारेवर घरातली बाई ओले कपडे वाळत घालते. तुमच्याकडं असं असेल तर दिवा बदलायचं काम बाजूला ठेवा. आधी ती तार पाइपावरून सोडवून पीव्हीसी पाइपात घ्या.

दिवा पुनःपुन्हा मरतो

परत काकूंकडं येतो. वीतभर तार बदलली, नवी एलईडी पट्टी लावली, छान लागली. पण मला खात्री वाटेना. तडकलेल्या तारेनं फ्यूज उडाला असता, दिवा मेला नसता. मी विचारलं, "काकू, दिवा जातो त्या दिवशी आणखी काय होतं? मिक्सर, मोटार, काही?"

त्या जरा थांबल्या. "आमच्याकडं काही नाही. धाकट्या भावजींकडं लाईट जाते. ते येऊन फ्यूज दाबतात, की येते. त्याच दिवशी आमचा दिवा जातो बघ."

मला हवं होतं ते मिळालं. वाटण्या झाल्या तेव्हा वाडा मधोमध विभागला, दोन मीटर आले, पण तारा कुणी वाटल्या नाहीत. ढाळजेच्या दिव्याचा फेज काकूंच्या मीटरवरून येत होता आणि न्यूट्रल पलीकडच्या घरातून. दोन्ही मीटर वेगवेगळ्या फेजवर होते. पलीकडच्या न्यूट्रलचा किटकॅट सैल होता. तो सुटला की काकूंचा दिवा आणि पलीकडच्या घरातले दिवे-पंखे मिळून दोन फेजांच्या मधे अडकायचे. दोन फेजांमधे २३० नाही, ४०० वॉल्टच्या आसपास असतात. आणि अशा जोडणीत बहुतेक सगळं वॉल्टेज त्याच्यावर येतं जो सगळ्यात कमी करंट घेतो, म्हणजे काकूंच्या नऊ वॅटच्या दिव्यावर.

यात दिव्याचं नुकसान ही छोटी गोष्ट. पलीकडच्या माणसानं आपले दोन्ही किटकॅट काढून, निर्धास्तपणे घरात काम करायला घेतलं, तरी काकूंच्या दिव्यातून त्याच्या न्यूट्रलवर करंट येत होता. त्या घरात लहान मुलं आहेत. मी दोन्ही घरच्यांना एकत्र बसवून हे समजावून सांगितलं, आणि दोघांच्याही समोर तारा वेगळ्या केल्या.

तुमचाही वाडा वाटणीतला असेल, एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना सख्खे भाऊ राहत असतील, तर हे तपासायला पाच मिनिटं लागतात. आपलं मेन चालू ठेवायचं, सगळे दिवे लावायचे, आणि शेजारचं मेन त्यांना विचारून पूर्ण बंद करायचं. आपल्याकडचा एखादा दिवा गेला, तर त्याची एक तार तिकडून येते. मग उलट करून बघायचं. सापडलेल्या दिव्याला आपल्याच मेनपासून फेज आणि न्यूट्रल दोन्ही नव्यानं ओढायचे. त्याचबरोबर न्यूट्रलवरचा किटकॅट कायमचा काढून तिथे सलग जोड द्यायचा आणि मेनला दोन्ही तारा एकदम तोडणारी डबल पोल एमसीबी बसवायची.

वाटणीचा वाडा नसेल आणि तरी दिवे मरत असतील, तर शेजाऱ्यांना विचारा. एकाच वेळी गल्लीतल्या काही घरांत दिवे भगभगतात आणि काहींत मंद होतात का? तसं असेल तर न्यूट्रल खांबावर किंवा डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, सुटलाय. टीव्ही, फ्रीज, सगळं लगेच बंद करा आणि वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मीटरच्या अलीकडचं दुरुस्त करून त्याचा उपयोग नाही, आणि खांबावर खाजगी माणसाला कधीच चढवू नका.

कोणता दिवा घ्यावा, आणि अर्थिंग

जुन्या घरात दिव्यापर्यंत दोनच तारा येतात, अर्थिंगची तिसरी नसते. अशा ठिकाणी पितळी झुंबर, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची ट्यूब असलं काही लावू नका. प्लॅस्टिक बॉडीचा घ्या, ज्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. खोक्यावर वॉल्टेजचा पट्टा लिहिलेला असतो, तो जितका रुंद तितका आपल्याकडं बरा. छतात खोल बसवायचे पॅनेल माळवदाला चालत नाहीत, ड्रायव्हरवर माती साठते आणि तो तापून जातो. बाहेर दिसणारी, थोडी हवा खेळेल अशी पट्टी उत्तम. झुंबर लावायचंच असेल तर अर्थिंगची तार ओढून घ्या, आणि त्याचं वजन तुळईत पिळलेल्या हुकावर द्या, तारेवर किंवा ब्लॉकवर नाही. तुळईत स्क्रू पिळताना लाकूड भुसभुशीत लागलं, तर आत वाळवी आहे, जागा बदला.

अर्थिंगचा खड्डा घराबाहेर असेल तर त्यात कोळसा-मीठ आहे का आणि उन्हाळ्यात कुणी पाणी घालतं का बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पाइपापासून सुटते. नळाच्या पाइपाला अर्थिंग जोडू नका. न्यूट्रलला तर अजिबात नाही.

३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाईट तोडणारा स्विच, बसवा, अर्थिंग कच्चं असलं तरी बसवा. ती माणसाचा जीव वाचवते. जुन्या घरात पहिल्या पावसाला ती वरचेवर पडेल, आणि लोक वैतागून ती काढून टाकतात. कृपा करून काढू नका. ती पडते म्हणजे कुठंतरी ओलसर भिंतीत करंट गळतोय. एकेक सर्किट बंद करत जा, ज्याच्यामुळे पडते त्याचं वायरिंग आधी बदला. वायरमनकडं मेगर, म्हणजे तारेचं वेष्टण चांगलं आहे का ते मोजायचं यंत्र, असेल तर ५०० वॉल्टवर मोजून घ्या. एक मेगाओमच्या खाली आलेली तार ठेवायची नाही. मोजण्याआधी एलईडी दिवे काढून ठेवायला सांगा, नाहीतर मेगरच्या वॉल्टेजनं त्यांचे ड्रायव्हर जातील.

सगळं बसवून झालं की दिवा तासभर चालू ठेवा. मग मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून ब्लॉकला, बटणाला आणि मेनवरच्या कनेक्टरला हाताची पालथी बाजू लावून बघा. गार असेल तर जॉइंट चांगला. कोमट लागला तर वायरमनला पैसे देण्याआधी तेवढा एक जॉइंट परत उघडून घ्या.